घासलेलं भोक आणि खरं सेंटर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथवरचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. फेसिंग, स्टेप टर्निंग, टेपर, नर्लिंग... जर्नलवर सही मिळाली की लेथशी संबंध संपला! मी तर मेकॅनिकलचा असूनही नंतर कोडच लिहीत बसलो. त्यामुळे एक साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लेथ बाकीच्या मशीन्सचे पार्ट्स बनवतो, पण लेथच बिघडला तर काय करायचं?

मामाचं वर्कशॉप आरमोरीला आहे. वैनगंगेकाठचा हा धानाचा मुलुख. 1982 साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यात हा भाग गेला. राइस मिलचे शाफ्ट, पुल्या, ट्रॅक्टरच्या पिना, सगळं मामा एकाच लेथवर करतो. लेथ बटाल्याचा, सहा फुटी, वयाने माझ्याहून मोठा. धान निघालं की मिलवाल्यांची रांग लागते. आणि नेमका सीझन तोंडावर असताना हेडस्टॉक खडखडायला लागला. कट घेतला की जॉबवर लाटा उठायच्या.

स्पिंडल बाहेर काढला. पुढचं बेरिंग ज्या भोकात बसतं, म्हणजे बेरिंगची सीट, त्यात लाल भुकटी साचली होती. बेरिंगची बाहेरची रिंग तिथे घट्ट बसून स्थिर राहायला हवी. ती जराशी सैल झाली की लोडखाली हळूहळू सरकत फिरते, बीड घासतं आणि त्या बारीक भुकटीला गंज चढतो. बोअर गेज लावला. 90 मिलिमीटरचं भोक आडवं 90.05 भरलं, उभं 90.21. म्हणजे भोक अंडाकृती झालं होतं. ते उभंच का वाढलं? कारण कट घेताना टूल जॉबला वर ढकलतो, आणि तो भार सीटच्या वरच्या बाजूवर येतो.

आता 0.2 मिलिमीटर म्हणजे किती? प्रिंटरचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढं. पण एवढ्या साइजच्या सीटला साधारण 0.035 च्या आतच राहावं लागतं.

यावर गावोगावी चालणारे उपाय आहेत. सीटमध्ये सेंटर पंचाने ठिपके मारायचे, म्हणजे धातू वर येतो आणि बेरिंग घट्ट बसतं. काही दिवस चालतं, मग ते उंचवटे चेपतात. पत्र्याची पट्टी घालतात. वेल्डिंगने भरतात, पण बिडात कार्बन भरपूर, नीट तापवून घेतलं नाही तर तडा जातो. लॉकटाइटसारखं केमिकल ओतलं तर फट भरते, बेरिंग हलत नाही. पण ते बसतं कुठे? तर जिथे घासून सरकलंय तिथेच!

खरी गोम इथे आहे. फट भरणं सोपं आहे. मूळ सेंटर कुठे होतं ते शोधणं अवघड. मी पुन्हा पुन्हा गेज लावतोय हे बघून मामा म्हणाला, "बापू, घासलेल्या भोकाले इचारून काय फायदा? ते त खोटंच बोलते. जे घासलं नाही, त्याले इचार."

न घासलेल्या जागा दोन होत्या. एक मागच्या बेरिंगची सीट, कारण तिथे भार कमी. दुसरी हेडस्टॉकची खालची बाजू, जी बेडवर बोल्टने आवळलेली असते आणि कधी हलतच नाही. सीटमधून एक बिंदू मिळाला, तळातून दिशा मिळाली. बिंदू आणि दिशा मिळाली की रेषा ठरते. नववीची भूमिती!

हेडस्टॉक पिकअपमध्ये टाकून नागपूरला हिंगणा एमआयडीसीत नेला. तिथे बोरिंग मशीनवर त्या दोन जागा धरून डायल लावला, पुढचं भोक 100 पर्यंत मोठं केलं, त्यात बिडाची स्लीव्ह दाबून बसवली आणि मगच तिचं आतलं माप काढलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण दाबून बसवताना स्लीव्ह आत आकसते. आधी बरोबर केलेलं माप बसवल्यावर चुकतं.

मध्यंतरी भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. मामा साठीला आलाय, नव्या मशीनचं कर्ज काढायचं हे वय नाही. हाताखाली दोन पोरं आहेत. लेथ गेला असता तर शटर खाली आलं असतं, आणि छोट्या मिलवाल्यांना एकेका शाफ्टसाठी नागपूर गाठावं लागलं असतं.

हेडस्टॉक परत बसवून टेस्ट कट घेतला. 150 मिलिमीटर लांबीत दोन टोकांच्या व्यासात फरक 0.02. म्हाताऱ्या लेथसाठी हे झकास आहे.

आमच्या धंद्यात रिपोर्टमधला आकडा जुळेना की कुणीतरी एक कंडिशन टाकतो, आकडा जुळतो, तिकीट बंद होतं. तीही पंचाचे ठिपके मारलेली सीटच. आता असं तिकीट आलं की मी आधी शोधतो, यात न घासलेलं काय उरलंय? दरवेळी सापडतंच असं नाही. सापडलं, तर दुरुस्ती होते. नाहीतर नुसती फट भरली जाते.