महागडे हेडफोन : पालकाच्या बाजूने

हेडफोन म्हणजे कानावर बसणारे दोन छोटे स्पीकर, त्यांना जोडणारा पट्टा आणि बिनवायरच्या प्रकारात आतच बसवलेली बॅटरी. एवढे सगळे दीड-दोन हजारांतही मिळते. मग वीस-पंचवीस हजारांत जास्तीचे काय मिळते, हा प्रश्न पालकापुढे येतो तोवर मुलांनी मॉडेल, रंग आणि सेलची तारीख ठरवून टाकलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या साताऱ्यातल्या घरी हा विषय निघाला तेव्हा मुलगी सांगलीत विश्रामबागेला राहून शिकत होती, मिरजेत गाण्याच्या शिकवणीला जात होती आणि जोडून सुट्टी आली की एसटीने घरी येत होती. खोली, रियाज आणि एसटी या तिन्ही ठिकाणी हेडफोनचे काम वेगवेगळे असते.

किमतीतला मोठा वाटा जातो नॉइज कॅन्सलेशनला, म्हणजे बाहेरचा गोंगाट मारण्याच्या सोयीला. हेडफोनवरचे बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप नेमकी त्याच्या उलट लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानाशी एकमेकींना खाऊन टाकतात. ‘बोस’ या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना 1978 मध्ये विमानप्रवासात सुचली. त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे पहिले हेडसेट 1989 मध्ये आले. ही युक्ती चालते ती सलग, खर्जातल्या आवाजावर. त्यामुळे सातारा-सांगली एसटीच्या इंजिनाची घरघर कऱ्हाड येईपर्यंत जवळपास नाहीशी होते, पण खिडकीच्या काचांचा खडखडाट, हॉर्न आणि ‘सुट्टे द्या’ म्हणणारा कंडक्टर ऐकू येतच राहतात. गळिताच्या दिवसांत शेजारून गाणी लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरपुढे तर भल्याभल्या चिपा हात टेकतात.

पालकाच्या दृष्टीने या सोयीची खरी किंमत कानाच्या आरोग्यात आहे. गोंगाटात गाणे ऐकायचे म्हणजे गाणे गोंगाटाच्या वर चढवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला अवघे 5. मोबाइलच्या पट्टीवर हा फरक एक-दोन टिंबांचा दिसतो. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि नुकसान होताना दुखतही नाही. बाहेरची घरघर कमी झाली की मुले आपणहून आवाज उतरवतात, असा घरातला अनुभव आहे. न उतरवणाऱ्यांसाठी बहुतेक फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते.

रियाजासाठी मात्र हिशेब उलटा. ब्लूटूथने आवाज पोचायला सेकंदाचा एक-दोन दशांश उशीर होतो. गाणी ऐकताना तो कळत नाही. स्वतःचा सूर रेकॉर्ड करता करता ऐकायचा असेल, तर तो डोक्यात जातो. तिथे स्टुडिओत वापरतात तसे वायरचे साधे हेडफोन सरस ठरतात, आणि ते निम्म्याहून कमी पैशांत येतात. मुलीला हवा असलेला महागडा प्रकार वायर लावूनही चालत होता. तसे नसते तर लेखकाचे मत वायरवाल्याच्याच बाजूने पडले असते.

टिकाऊपणात महागडे आणि स्वस्त यांत वाटते तेवढे अंतर नाही. इथे मिरजेची आठवण होणे साहजिक आहे. तिथले सतारमेकर एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडवत आले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या दुकानात जुना तंबोरा आला की कारागीर तारा उतरवतो, घोडी हातात घेतो, तिचा माथा हलक्या हाताने घासतो, तार चढवून छेडतो, पुन्हा उतरवून घासतो. जवारी, म्हणजे तारेचा गुंजत राहणारा नाद, लागेपर्यंत हे चालते. भोपळा फुटला तरी सांधता येतो आणि तंबोरा पुढच्या पिढीकडे जातो. हेडफोनमधली लिथियम बॅटरी काही वर्षांत थकते आणि बऱ्याच मॉडेलांत ती सहज बदलता येत नाही. हजारो रुपयांची वस्तू एका बॅटरीपायी निकामी व्हावी, ही रचना ग्राहकाच्या हिताची नव्हे. कानावरच्या गाद्यांचे रेक्झिन घामाने आणि तेलाने सोलवटते. सांगलीच्या एप्रिलमध्ये कान झाकणारे हेडफोन तासभरही सोसत नाहीत, हे वेगळेच.

म्हणून खरेदीपूर्वी दुकानात ते डोक्यावर चढवून पंधरा-वीस मिनिटे बसावे. चष्मा असेल तर काडी दाबते का, हे तेव्हाच कळते. ऐकायला सवयीचेच गाणे लावावे. दुकानदाराचे गाणे सगळ्याच हेडफोनवर छान वाजते. गाद्या सुट्या मिळतात का आणि दुरुस्ती कुठे होते, हे विचारून घ्यावे. जीएसटीचे बिल आणि खोक्यावरचा अनुक्रमांक जपावा, कारण नावाजलेल्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात असतात आणि वॉरंटी मागताना हीच कागदपत्रे लागतात.

या घरात शेवटी खरेदी झाली ती दिवाळीच्या सेलमध्ये, आदल्या वर्षीच्या मॉडेलची. नवे मॉडेल आले की जुने बरेच उतरते आणि दोहोंतला फरक एसटीत बसून सांगता येत नाही. निम्मे पैसे मुलीने आपल्या साठवणीतून घातले. अट एकच होती : स्कूटीवर आणि रस्ता ओलांडताना हेडफोन गळ्यात. मागून येणाऱ्या गाडीचे इंजिन हा नेमका तोच खर्जातला आवाज, जो हे यंत्र सर्वांत चोख मारते.