चिडका रंग

सोलापुरातल्या माझ्या कातडीच्या दवाखान्यात ट्रक ड्रायव्हर समोर बसला, की तो काही सांगायच्या आत मी त्याचे दोन गाल ताडून बघते. उजवा गाल डाव्यापेक्षा काळपट, जरा जाड आणि खरखरीत. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे खिडकीचं ऊन त्याच गालावर. काच वर केली तरी सुटका नाही. काच उन्हातले यूव्ही-बी हे अतिनील किरण अडवते. 320 ते 400 नॅनोमीटरचे यूव्ही-ए मात्र तिच्यातून बऱ्यापैकी आत येतात आणि कातडीच्या खोल थरातलं कोलॅजेन मोडत बसतात.

2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्याने 28 वर्षं गाडी हाकलेली. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू नांगरल्यासारखी, खोल सुरकुत्यांची. आमच्या क्षेत्रात हा फोटो सगळ्यांना पाठ आहे. पण माझ्या ड्रायव्हरांच्या गालावर त्या सुरकुत्या शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. तिथे रंग बिघडलेला असतो. गोरी कातडी उन्हाने सुरकुतते, आपली आधी डागाळते. हा फरक पुस्तकांतून उशिरा आला. त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये उन्हाला कातडी कशी वागते यावरून जे प्रकार पाडले, त्यात मुळात चारच होते आणि चारही गोऱ्यांचे. सावळ्या-काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले.

माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. आपल्या कातडीतली रंग बनवणारी पेशी, मेलॅनोसाइट, फार चिडकी. ऊन लागलं, ती रंग ओतते. चटका बसला, पुरळ आलं, पार्लरमध्ये जोरात घासलं, तरी तेच. आणि डाग घालवायला डॉक्टरने जरा जास्त जोर लावला, तर ती त्याच डागावर आणखी गडद शाई फिरवते. त्यामुळे या कातडीवर किती करायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे आधी शिकावं लागतं.

ग्लायकोलिक ॲसिडचं पील घ्या, म्हणजे ॲसिड लावून कातडीचा वरचा थर उतरवणं. बघायला सोपं वाटतं. आधी दोन-चार आठवडे कातडी तयार करून घ्यायची, मग त्या दिवशी चेहरा स्वच्छ पुसायचा, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांच्या टोकांना व्हॅसलिन लावायचं. मी कपाळापासून सुरुवात करते, कारण तिथली कातडी दणकट. मग गाल, हनुवटी, नाजूक जागा शेवटी. आणि मग नुसतं बघत राहायचं, चुलीवरच्या दुधाकडे बघतात तसं. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाली आली की ॲसिड निष्प्रभ करा. गोऱ्या गालावर लाली लगेच दिसते. सावळ्या गालावर ती लाल नसतेच. रंग किंचित गहिरा होतो, कडेला चकाकी बदलते, एखादा ठिपका उठून दिसतो. म्हणून मी दिवा तिरका धरते आणि सारखी विचारत राहते, ‘काकू, चुरचुरतंय की भाजतंय?’ चुरचुरणं चालतं. भाजतंय म्हटलं, की घड्याळात वेळ उरलेला असो नसो, सोड्याच्या पाण्याचा बोळा फिरवून मोकळी होते. पेशंटला कधी कधी फसवल्यासारखं वाटतं. ‘एवढंच? आमच्या भाचीची तर सालं निघाली होती पुण्यात.’ सालं निघणं हा इथे पराक्रम मानला जातो.

सगळ्यात भरवशाचं औषध मात्र ट्यूबमध्ये मिळतं, रोज रात्री वाटाण्याएवढं. ट्रेटिनॉइन. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन ते मुरमांसाठी वापरत होते. पुढे 1986 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की उन्हाने खराब झालेली कातडीही त्याने सुधारते. हे नाव घेताना माझी जीभ जराशी अडखळते, कारण याच गृहस्थांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. औषध मात्र खरं आहे. सुरुवातीचे काही आठवडे कातडी कोरडी पडते, सोलवटते, आणि नेमकी तेव्हाच बाई ते बंद करते. म्हणून मी एक दिवसाआड सुरू करते, गरोदर बाईला देत नाही आणि फरक दिसायला निदान सहा महिने लागतील हे पहिल्याच दिवशी बजावते.

याच क्लिगमन यांनी 1975 मध्ये वांगासाठी एक मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक मुदतीसाठी ते उत्तम आहे. आपल्याकडे तसलंच मिश्रण मेडिकलच्या काउंटरवर गोरं व्हायची क्रीम म्हणून पोचलं. वर्षभर लावलेला चेहरा मला दारातूनच ओळखू येतो: पातळ, तांबूस, लव वाढलेली, बारीक पुळ्या, आणि उन्हात गेलं की आग. क्रीम थांबवली की आग वाढते, म्हणून पुन्हा क्रीम. 2018 साली सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही ‘कुणी दिली?’ विचारलं की उत्तर येतं, ‘मेडिकलवाल्या दादांनी.’ अशा चेहऱ्यावर महिनोन् महिने मी पील करत नाही, लेझर तर नाहीच. आधी ती आग विझू दे.

उन्हापासून बचाव म्हणजे सनस्क्रीन असं आता सगळ्यांना वाटतं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघा भरतील एवढी लागते. बहुतेकजणी नखाएवढी लावतात. शिवाय वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसतो तो उजेडही सावळ्या कातडीत रंग चढवतो. त्याला पांढरी क्रीम पुरत नाही, आयर्न ऑक्साइडची छटा असलेली लागते. आणि ती ट्यूब कांद्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला परवडत नाही. तिने साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, पदर कपाळावर ओढलेला. मी तिला सांगते, हे सोडू नका. घट्ट विणीचा सुती शर्ट घामाने ओघळत नाही. कुचकामी आहे ती पुरुषांची पांढरी टोपी. डोक्याची लाज राखते, पण गालावर बोटभर सावली पाडत नाही.

काही गोष्टींवर उपाय म्हणजे फक्त बोलणं. नडग्यांवर थेंबाएवढे पांढरे ठिपके घेऊन आजी येतात. कोड असेल म्हणून घरात कुणाला सांगितलेलं नसतं, घरात लग्नाची नात. हे कोड नाही, वयाचे आणि उन्हाचे ठिपके आहेत, पसरून एक होत नाहीत, असं सांगितलं की आजी लुगडं खाली सोडतात आणि तपासणीची फी विचारतात. औषध लिहून दिलं नाही म्हणून नाराजही होतात.

हात न लावण्याची फी कुणी आनंदाने देत नाही, आणि लेझरचं मशीन घेतलं की बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. हप्ता डोक्यावर असला की प्रत्येक वांग लेझरचं वाटायला लागतं. म्हणून मी ते विकत घेतलेलं नाही. ठरलेल्या दिवशी भाड्याने येतं. प्रत्येकीच्या कानापुढे आधी एक छोटा ठिपका मारून चार आठवडे वाट बघायची, मगच गाल. लग्नसराईत यावरून वाद होतात, कारण हळद पंधरा दिवसांवर असते. आदल्या संध्याकाळी मी यादी घेऊन बसते आणि बरीच नावं खोडते. कुणाचा ठिपका काळवंडलेला असतो, कुणी नुकतीच तुरीची काढणी उरकून आलेली असते आणि चेहरा अजून रापलेला असतो. त्यांना फोन करून पुढची तारीख द्यायचं काम रिसेप्शनवरच्या मुलीला आवडत नाही. शिव्या तिला खाव्या लागतात.