इन्सुलीचा घाट आणि जुनी मोटार

सावंतवाडीहून बांद्याकडे जाणारा जुना रस्ता शहर मागें टाकून उतरूं लागला, कीं इन्सुलीचा घाट लागतो. आंबोलीच्या घाटापुढें हा धाकटाच. पण दोहों बाजूंची गर्द झाडी आणि पावसाळ्यांतील सदैव ओली वाट यांमुळें तो लक्षांत राहतो. खालीं इन्सुली, पुढें तेरेखोल नदीच्या कांठचें बांदें, आणि त्यापलीकडे पत्रादेवीस गोव्याची सीमा. झारापपासून पत्रादेवीपर्यंत चौपदरी रस्ता झाल्यापासून लांबचीं वाहनें सावंतवाडी शहर टाळून जातात. तथापि वाडीस ज्यांचें घर आहे, त्यांस हा घाट सुटलेला नाहीं.

बांद्याकडून वाडीस येणाऱ्या जुन्या मोटारीची परीक्षा येथेंच होते. सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढ लागतांच आंचके देऊं लागते, ‘मिस मारते’, आणि अखेर पहिल्या गिअरमध्येंही कण्हते. आंत बसलेल्या मंडळींचा निकाल मात्र तत्काळ लागतो. कोणी म्हणतो इंजिन गेलें. कोणी म्हणतो ही आतां भंगारांत द्यावी.

कित्येक घरांत अजून ‘पद्मिनी’ आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी बनत असे. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन, आणि कोठेंही संगणक नाहीं. म्हणूनच तिचा दोष शोधण्यास यंत्रापेक्षां विचार अधिक लागतो.

आपल्या नैयायिकांनीं कारण ठरविण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक हीं दोन साधनें सांगितलीं आहेत. एक असतां दुसरें असतें, तो अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, तो व्यतिरेक. मोटारीस तीं जशींच्या तशीं लागू पडतात. इंजिन मंद चालूं ठेवून, कोरड्या जाड कापडानें किंवा रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची तार क्षणभर काढावी. उघड्या हातानें कदापि नव्हे, कारण झटका जबर बसतो. (नव्या संगणकयुक्त गाड्यांवर हा प्रयोग करूं नये.) जी तार काढतां इंजिनाची चाल आणखी बिघडते, तो सिलिंडर काम करीत होता. जी काढूनही कांहींच फरक पडत नाहीं, तोच आळशी. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत बसवावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लगच अपराधी. जागचा हलला नाहीं तर तार, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, किंवा व्हॉल्व्ह व पिस्टनच्या रिंगा यांकडे वळावें.

मंद चालींत चारही सिलिंडर नीट, आणि चढावरच बिघाड, असें असेल तर? चढावर सिलिंडरांतील दाब वाढतो, व त्या दाबांत ठिणगी पडण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. क्षीण कॉइल, थकलेला कंडेन्सर, झिजलेले पॉइंट किंवा ओल धरलेली टोपी सपाटीवर निभावून नेते आणि घाटांत उघडी पडते. कोंकणच्या पावसांत ही ओल नित्याचीच. काळोखांत बॉनेट उघडून पाहिल्यास तारांवरून निळ्या ठिणग्या पळतांना कधीं कधीं दिसतातही. अशा वेळीं टोपी काढून आंतून कोरडी पुसावी व तिला बारीक चीर गेली आहे काय तें पाहावें.

पेट्रोलाच्या दोषाची तऱ्हा निराळी. त्यांत आंचक्यापेक्षां ओसरणें असतें: गाडी थोडें चढते, मग हळूहळू दम सोडते, आणि पांच मिनिटें थांबल्यावर पुन्हां चालूं लागते. गाळणी तुंबणें, पंपाचा पडदा विरणें किंवा उष्णतेनें नळींत पेट्रोलाची वाफ होणें, हीं त्याचीं कारणें. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषून घेतें आणि जुन्या रबरास मानवत नाहीं. म्हणून अशा गाडीच्या नळ्या व पडदा वेळेवर बदलावा, व टाकींत पेट्रोल महिनोन् महिने सांठवूं नये.

आणि आंचका मुळींच नसून केवळ जोर कमी असेल, तर प्रथम चाकांजवळ हात न्यावा. एखादें चाक इतरांहून फार तापलें असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. बिचाऱ्या इंजिनाचा त्यांत दोष नाहीं.

एका वेळीं एकच वस्तू बदलावी, हा यांतील मुख्य नियम. एकदम चार भाग नवे घातल्यास गाडी कदाचित् सुधारते, पण दोष कोणता होता हें मेस्त्रीसही कळत नाहीं, आणि पुढच्या पावसाळ्यांत तोच खर्च पुन्हां येतो. कारण कळेपर्यंत मात्र धीरासवें सावधपणाही हवा. जी गाडी इन्सुलीच्या घाटांत अडखळते, ती मुलांमाणसांनीं भरून आंबोलीच्या धुक्यांत नेऊं नये. मागून मालमोटार येत असतां भर वळणावर बंद पडलेल्या गाडीस कोणताही तर्क वांचवीत नाहीं. धाकट्या घाटानें दिलेली सूचना ऐकावी, दोष निश्चित करावा, आणि मगच थोरल्या घाटाची वाट धरावी.