जोडीदाराची मते कुठे जातात?

निवडणूक जवळ आली की आमच्या नाशिकच्या वस्तीत उमेदवाराच्या नावाआधी प्रश्न येतो : "या वेळी युती कोणाशी?" उत्तर पटले नाही तर माणसे भांडत नाहीत, घरी बसतात किंवा गुपचूप दुसरे बटण दाबतात. नेते याला गद्दारी म्हणतात. अनेक वर्षे बूथवर बसणारा मी तसे म्हणणार नाही. हा मतदार कुणाच्या खिशातला नाही, एवढाच त्याचा गुन्हा!

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची जोडी एकाच मतावर निवडली जाते. एक हवा, दुसरा नको, अशी सोय नाही. सरकारने नागरिकाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबूड करावी असे मानणाऱ्यांचा तिथे लिबर्टेरियन पक्ष आहे. २०१६ मध्ये जॉन्सन आणि वेल्ड या त्याच्या जोडीला सुमारे ४५ लाख मते पडली. दोन्ही मोठ्या पक्षांच्या जोड्या नाकारण्याची ती एक वाट होती.

आपल्याकडे मात्र एकेकाळी जोडी फोडता येत होती. १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक आठवा. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येकाला दोन मते. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी अशोक मेहता. दुसरे मत कुजवा, म्हणजे कुणालाच देऊ नका, असा सल्ला कार्यकर्ते देत होते आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, अशी आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. निकाल काय लागला? मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. प्रचार एक, जोडी एक. मग मेहतांना मत देणाऱ्यांपैकी कितीजणांचा हात राखीव पेटीशी थांबला?

तीनच वर्षांनी नाशिकमध्ये उलटे घडले. १९५७ मध्ये काळाराम सत्याग्रहाचे दादासाहेब गायकवाड फेडरेशनचे उमेदवार म्हणून लोकसभेवर गेले. सोबत संयुक्त महाराष्ट्र समिती होती, म्हणजे ज्यांच्याशी आपले वैचारिक वाद होते ते कम्युनिस्टही होते. पण मराठी राज्य ही मागणी सवर्ण मतदाराचीही होती. तो दादासाहेबांवर उपकार करत नव्हता, स्वतःचे काम करत होता. माझ्या मते फरक इथेच पडला.

२०१९ ला वंचित आणि एमआयएम एकत्र लढले. औरंगाबादेत इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आत-बाहेर मतांनी जिंकले. आपल्या मतांशिवाय ते शक्यच नव्हते. अकोला आणि सोलापूर, दोन्हीकडे बाळासाहेब हरले. विधानसभेपूर्वी युती तुटली.

बोलणी होतात तेव्हा आपण जागा मोजतो. तुमच्या गल्लीत आमच्या उमेदवाराची चिठ्ठी घेऊन दारोदार कोण फिरणार, हे कुणी विचारत नाही. पुढच्या बैठकीत हा प्रश्न मी लेखी देणार आहे. जोडीदार पक्षाने प्रभागवार नावे द्यावीत, तोंडी आश्वासन नको.