कुठलीही सुई चालत नाही

हिंगणा,
तान्हा पोळा

चि. छोटीस,

काल ताईने फोन माझ्या हातात दिला आणि तू एका दमात दोन गोष्टी बोलून गेलीस. एक, "मामा, टर्नटेबल कोणतं घेऊ एवढंच सांग, सुईचं काय, कुठलीही चालते." आणि दुसरी, "आबांची रेकॉर्डची पेटी विदर्भ एक्स्प्रेसने पाठवून दे, वसंतराव देशपांड्यांवर हात बसवते." ताई समोर उभी होती म्हणून मी हो-हो म्हणून फोन ठेवला. पण रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. आज सकाळपासून गल्लीत पोरांचे लाकडी बैल निघाले आहेत, मी मात्र दार लावून तुला लिहायला बसलोय.

तू स्क्रॅच शिकतेस याचा मला राग नाही, हे आधी नीट समजून घे. ताईला आहे, मला नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७०च्या दशकात थिओडोर नावाच्या शाळकरी पोराच्या खोलीत आई येऊन आवाज कमी कर म्हणून रागावली, तेव्हा त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि तशीच पुढे-मागे हलवली, त्यातून हे सारं निघालं म्हणतात. म्हणजे तुझ्या आईचं रागावणं परंपरेला धरूनच आहे. हाताने यंत्राला बोलतं करणं मला पहिल्यापासून आवडतं. म्हणून तर तुझ्या बोलण्याचं जास्त लागलं. ज्याला हातातली कला हवी, त्याने हत्याराबद्दल "कुठलंही चालतं" म्हणायचं नसतं, पोरी. एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या भाचीने तर नाहीच नाही.

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. तो सूटकेससारखा दिसणारा, पुदिन्याच्या रंगाचा प्लेयर आधी मनातून काढून टाक. त्यात रबरी पट्टा असतो. मोटर एका कोपऱ्यात, तबकडी मधे, आणि दोघांना जोडणारा तो पट्टा. स्क्रॅच करताना तू तबकडी थोपवतेस, मागे ओढतेस, सोडून देतेस, आणि सोडल्याबरोबर ती पूर्ण वेगात हवी असते. पट्टा अशा वेळी घसरतो, ताणला जातो, आणि काही महिन्यांत सैल पडतो. शिवाय त्याची पत्र्याची प्लेट इतकी हलकी, की हात ठेवला की अख्खी थांबते. आबांची एचएमव्ही फिएस्टा तू पाहिलीस. तिच्यावर घरात आरामात गाणं ऐकायचं असे, तिला कोणी मागे ओढलं नाही. तिचा मान तिला, पण हे काम तिचं नाही.

तुला हवी ती डायरेक्ट ड्राइव्ह. त्यात पट्टा नसतो. तबकडीच्या खाली चुंबक, त्याच्याखाली तांब्याच्या कॉइल, मोटरचा दांडा तोच तबकडीचा दांडा. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० साली एसपी-१० काढलं, मग १९७२ मध्ये एसएल-१२००, आणि १९७९ मध्ये त्याचं एमके२, जे जगभरच्या डीजेंनी उचललं. गंमत अशी की पहिलं १२०० घरी बसून शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी बनवलेलं होतं. एमके२ मध्ये ०.७ सेकंदात पूर्ण वेग, वेग ८ टक्के वर-खाली करायची पट्टी, आणि क्वार्ट्झच्या ठोक्यावर चालणारी मोटर, त्यामुळे आपल्याकडचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी सूर हलत नाही.

आता तुझा दुसरा फोटो, जपानहून आलेलं जुनं १२००. वस्तू चांगली दिसते. पण मागची पट्टी मोठी करून पाहिली का? जपानमधल्या घरगुती वापराचं मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० च्या प्लगमध्ये सरळ घातलंस तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि विकणारा म्हणेल मी तर चालू दिलं होतं. घ्यायचंच असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरसकट घे आणि आपल्या डोळ्यांसमोर चालवून घे. कूलरच्या मोटरचं काय झालं होतं ते तू विसरली नसशील.

नवीन घ्यायचं तर पायोनियरचं पीएलएक्स-१००० घे, नाहीतर रिलूपचं आरपी-७००० एमके२. पीएलएक्सचा टॉर्क ४.५ किलो-सेंटिमीटर आहे, जुन्या एमके२ चा १.५ होता. रिलूपमध्ये तो कमी-जास्त करता येतो. ओढ जास्त असली की बोटाखालून सुटलेली रेकॉर्ड ताबडतोब धावते. पण हा आकडा पाहून भाळू नकोस. जगातले मोठमोठे हात १.५ वरच तयार झाले. आणि सुरुवातीला दोन मशीन नकोत. एकच चांगलं घे, उरलेले पैसे मिक्सरच्या क्रॉसफेडरला लाव. तू क्रॉसफेडरचं नावही काढलं नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. स्क्रॅचचा अर्धा आवाज त्या बोटभर पट्टीतून कापला जातो. ती जड असेल, खरखर करत असेल, तर वरचा हात कितीही गोड असो, उपयोग नाही.

कोणतंही घे, पण माझी एक अट आहे. ते उघडता आलं पाहिजे. स्क्रू दिसले पाहिजेत, पार्ट मिळाले पाहिजेत. टेक्निक्सने २०१० मध्ये १२०० बनवणं थांबवलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं, २०१९ मध्ये एमके७ आणलं. मधल्या वर्षांत जुनी मशीन बंद पडली नाहीत, कारण लोक ती उघडून दुरुस्त करत होते. वेस्टॅक्सची सरळ हाताची टर्नटेबलं स्क्रॅचवाल्यांची लाडकी होती. कंपनी २०१४ मध्ये बुडाली आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांनी पार्टसाठी वणवण केली. नागपुरात बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत आजही कुणालाही विचार, वस्तू दुरुस्त होईल का? दहांतले आठ जण म्हणतात, नवी घ्या काकाजी. काहून नवी घ्यायची? चिकटवलेल्या, सीलबंद वस्तूंनी आपल्या पोरांचे हात अडाणी करून टाकले आहेत. तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर मी दिला तेव्हा तू दुसरीत होतीस. तो हात असा वाया जाऊ नये म्हणून एवढं तळमळून सांगतो.

आता सुई. रेकॉर्डच्या खाचेला अख्ख्या यंत्रातलं फक्त तिचं टोक शिवतं. बाकी मोटर, तबकडी, सुई धरणारा टोनआर्म सगळं त्या टोकाची सेवा करायला. खाचेच्या दोन भिंती असतात, डावा आवाज एका भिंतीत, उजवा दुसरीत, आणि टोक दोन्हींना टेकून थरथरतं. ऐकण्यासाठीच्या महागड्या सुईचं टोक लंबगोल असतं, बारीक नक्षी वाचायला. तुला ती नको. तुला गोल टोकाची, स्फेरिकल सुई हवी. सुईची दांडी मागे झुकलेली असते, रेकॉर्ड तिच्याखालून पुढे सरकावी यासाठीच ती तशी बसवलेली. तू रेकॉर्ड मागे ओढतेस तेव्हा लेथवर जॉब उलटा फिरवल्यासारखं होतं. लंबगोल टोकाची कड तिथे खाच खरवडते, गोल टोक त्यामानाने सांभाळून घेतं. दांडीही जाड आणि ताठ हवी, नाहीतर वाकेल.

बरीच वर्षं सगळ्यांची एकच सुई होती, शुअर एम४४-७. आवाज दणदणीत, ९.५ मिलिव्होल्ट, वजन ३ ग्रॅमपर्यंत, आणि खाच सोडत नसे. २०१८ मध्ये शुअरने सुई बसते ते कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. मग कुठे गेले लोक? जपानमधल्या ह्योगोच्या जिको कंपनीकडे. हे घराणं १८७३ पासून शिवणकामाच्या सुया करत होतं, पुढे ग्रामोफोनच्या सुयांकडे वळलं. जुन्या शुअरसाठी त्यांची सुई मिळते, आता त्यांचं स्वतःचं कार्ट्रिजही आहे. दुसरा मार्ग ऑर्टोफोनचा. डेन्मार्कची कंपनी, १९१८ ची. त्यांचं काँकॉर्ड स्क्रॅच ४ ग्रॅमवर चालतं, टोनआर्मला थेट अडकतं, कार्ट्रिज जुळवत बसावं लागत नाही. गडबडीच्या माणसाला ते सोपं. मी मात्र म्हणेन, वेगळ्या हेडशेलमध्ये बसणारं कार्ट्रिज घे. चार बारीक तारा असतात, पांढरी, निळी, लाल, हिरवी. त्या चिमट्याने स्वतः जोड. कार्ट्रिज किती पुढे, किती सरळ, ते स्वतः बसव. एकदा हाताने बसवलंस की सुई का उडते हे तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

वजन तराजूवर मोज, अंदाजाने नको. सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं चिकटवणारे महाभाग असतात, त्यांच्यात तू जायचं नाहीस. अँटी-स्केट स्क्रॅचला शून्यावर ठेव. ब्रश मागून पुढे फिरव, आडवा कधीच नाही. नावापुढे "टाइप" लिहिलेली स्वस्त सुई घेऊ नकोस, तिच्या टोकाला काय लावलंय ते देव जाणे. दिवाळीला येशील तेव्हा वापरलेली सुई डबीत घालून आण. माझं भिंग अजून जाग्यावर आहे, टोक सपाट झालंय का ते दोघं मिळून पाहू.

तर पेटीचं. पेटी मी पाठवत नाही. रागाने नाही, नीट ऐक. तिच्यात खालच्या बाजूला जड, काळ्या ७८ च्या तबकड्या आहेत, त्या लाखेच्या. आपल्या पळसावर पोसणाऱ्या किड्याची लाख. त्या हातातून पडल्या की काचेसारख्या फुटतात, आणि त्यांची खाच इतकी रुंद की तुझी सुई तिच्या तळाशी लोळेल. वरच्या एलपी विनाइलच्या आहेत, पण स्क्रॅचमध्ये एकच जागा शेकडो वेळा पुढे-मागे होते आणि तिथे कायमची भाजल्यासारखी खरखर उमटते. वसंतराव मूर्तिजापूरचे, वाढले आपल्या नागपुरात. आबांनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं. त्या तानेवर खरखर उमटली तर ती पुसायची कशी? शिवाय प्रवासात पेटी कोणी आडवी ठेवली, वर कोणाची बॅग आली, की झाल्या सगळ्या वाकड्या.

पण वसंतरावांची तान तुला मिळणार नाही असं नाही. सेराटोसारख्या सॉफ्टवेअरबरोबर कंट्रोल रेकॉर्ड मिळते. तिच्यात गाणं नसतं, एक सलग सूर कोरलेला असतो. तू ती रेकॉर्ड हलवतेस, कॉम्प्युटर त्या सुरावरून तुझा हात किती, कुठे, कोणत्या दिशेला गेला ते ओळखतो आणि तुला हवी ती फाइल तशीच हलवतो. झिजते ती कंट्रोल रेकॉर्ड, आणि ती दुकानात पुन्हा मिळते. तेव्हा दिवाळीला ये, पेटीतली रेकॉर्ड धुऊन, हलक्या वजनावर, चांगल्या सुईने एकदाच रेकॉर्ड करून घेऊ. मग त्या फाइलवर हवा तेवढा हात चालव. आणि खऱ्या विनाइलवर सराव करायचाच असेल तर तुमच्या मुंबईत माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये जा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आता अशी दुकानं आहेत तोवर तिथल्या माणसांशी बोल, ओरखडे पडलेल्या रेकॉर्डी स्वस्तात मिळतात का ते विचार. त्यांच्यावर काय ते कर.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र एवढं लांबलं, ते सांगतो. काल फोनवर तू मला तीनदा "काय मामा?" विचारलंस. इथे आवाज नव्हता, लाइनही स्वच्छ होती. मग हसत म्हणालीस, शनिवारच्या कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजते आहे, जाईल आपोआप. पोरी, मी कान गेलेली माणसं जवळून पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करणारे एक भाऊ होते. पन्नाशीत त्यांना बायकोचं बोलणं ऐकू येई, नातवंडांचं नाही. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज आधी जातो. कानाच्या आतल्या त्या केसांसारख्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. तिथे सुई बदलता येत नाही.

हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबलला आठ तास हद्द मानतात, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धी होते. ८८ ला चार तास. १०० ला पाव तास. तुझ्या कार्यक्रमात मॉनिटर स्पीकर डोक्याजवळ आणि एका कानावर हेडफोन, तिथे १०० कितीसं दूर आहे? आपल्याकडे मारबतीला, गणपतीला, जयंतीला भिंतीएवढे स्पीकर लावून पोरं त्यांच्यासमोर उभी राहतात, त्यांना कोणी सांगत नाही. तुला सांगणारा मी आहे. संगीतवाल्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारख्या प्रमाणात उतरवतात, सूर बिघडवत नाहीत. सुईच्या आधी ते घे. त्याचे पैसे मी पाठवतो, मिक्सरचे तुझे तू बघ.

या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घे. शिट्टी थांबली असली तरी जा. ताईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठव, आणि तो येईपर्यंत कोणत्याही कार्यक्रमाला हो म्हणू नकोस.

तुझा,
मामा