बाबांच्या लायसन्सचा फॉर्म

तुमच्याही घरी ऑनलाइन फॉर्म भरायचं काम धाकट्या लेकीकडेच येतं का? आमच्याकडे येतं. बाबांना ६० पूर्ण झाली आणि लायसन्स रिन्यू करायची वेळ आली. पंचावन्नीनंतर ते दर ५ वर्षांनी करावं लागतं.

मी प्रश्न वाचत होते, बाबा पेपरमागून उत्तरं देत होते. फिट येते? नाही. रातांधळेपणा? नाही. २५ मीटरवरची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते?

"येते गं, लिही पटकन."

माझं बोट तिथेच थांबलं. गेल्या दिवाळीत रात्री उज्जैनहून इंदूरला परतताना समोरून ट्रकचे दिवे आले की बाबा एकदम ब्रेक मारत होते. आई दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती. "हल्ली सगळ्यांनी एलईडी लावलेत," बाबा म्हणाले आणि आम्ही ते मानलं. खरं सांगू? मानणं सोपं होतं.

हा फॉर्म म्हणजे आपणच आपल्याबद्दल दिलेली घोषणा. चाळिशीनंतर सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं, पण ओळखीतल्या एका डॉक्टरांनी "पाठवून दे, सही करतो" असं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे खरं लिहायचं की खोटं, हे आमच्यावरच होतं.

"बाबा, जरा गल्लीत चला."

शेजाऱ्यांच्या कारपासून मी ३५ पावलं मोजली. भर उजेड, डोळ्यांवर चष्मा. उजवा डोळा झाकून बाबांनी नंबर धडाधड वाचला. मग डावा झाकला. "एमपी शून्य नऊ..." आणि पुढे गप्प. एमपी शून्य नऊ तर इंदुरात कुणीही न बघता सांगेल!

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याला सांभाळून घेतो, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्यात प्रकाश विखुरतो, म्हणून रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांचा दाबही तपासला. काचबिंदूत बहुतेकदा आधी कडेचं दिसेनासं होतं, तक्त्यावरची अक्षरं मात्र बरेच दिवस नीट दिसत राहतात, आणि गेलेली नजर परत येत नाही. तो नव्हता, सुटलो.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. फॉर्म अर्धवट पडलाय. गाडीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. चार दिवस बाबा माझ्याशी धड बोलले नाहीत. काल मात्र मी गाडी रिव्हर्स घेताना ओरडले, "अगं, कुंडी! मला एका डोळ्याने दिसतेय, तुला दोन्हींनी नाही?"