कुत्रा दत्तक घ्यायचाय, पण तब्येतीला चालेल का? काकवीच्या निमित्ताने काही उत्तरं



एरवी मी इथे शुगर, बीपी, थायरॉईड अशा विषयांवर लिहितो. आजचा लेख एका कुत्रीबद्दल आहे. तरी विषय आरोग्याचाच आहे, कारण ही कुत्री दोन घरांत दत्तक जाऊन दोन्ही वेळा परत आली आणि दोन्ही वेळा सांगितलेलं कारण तब्येतीचं होतं. माझ्या दवाखान्यातही हेच प्रश्न वरचेवर विचारले जातात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

तिचं नाव काकवी. मागच्या दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हा शहराबाहेरच्या एका गुऱ्हाळामागे, चिपाडांच्या ढिगात ती सापडली. जेमतेम दीड महिन्याची होती. रंग अगदी काकवीसारखा, म्हणून निवारा केंद्रातल्या मुलांनी हेच नाव ठेवलं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी आणि त्यांना रेबीजची आगाऊ लस देण्यासाठी मी तिथे अधूनमधून जातो, त्यामुळे तिला लहानाची मोठी होताना पाहिलं आहे.

आज ती साधारण अकरा महिन्यांची आहे. सगळ्या लसी झाल्या आहेत, नसबंदी झाली आहे. पण सुरुवातीला पाहुणे आले की जाळीवर चढणारी काकवी आता मागच्या कोपऱ्यात बसून असते. दत्तक घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना दोन महिन्यांचं गुबगुबीत पिल्लू हवं असतं. वर्षाच्या आसपासच्या गावठी कुत्रीसमोर लोक फार वेळ थांबत नाहीत.

"सूनबाईंना दिवस गेलेत, आता घरात कुत्रा नको"

पहिल्या घरातून काकवी याच कारणाने परत आली. हा सल्ला मुख्यतः टॉक्सोप्लाझ्मोसिस या आजाराच्या भीतीतून दिला जातो. गरोदरपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो, हे खरं आहे. पण हे जंतू विष्ठेतून बाहेर टाकणारा प्राणी मांजर आहे, कुत्रा नव्हे. अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि माती यांतूनही ते पोटात जातात.

म्हणजे गरोदर बाईने मांजराची घाण साफ करू नये, मटण-चिकन नीट शिजवून खावं, भाज्या स्वच्छ धुवाव्यात, मातीकाम केल्यावर हात धुवावेत. लस झालेल्या, जंताचं औषध वेळेवर मिळणाऱ्या कुत्र्याला घराबाहेर काढायची गरज नसते. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे आणि त्याची विष्ठा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायची. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: गरोदरपणात कुत्रा चावलाच, तर रेबीजची लस घ्यायलाच हवी. ती गरोदर बाईला सुरक्षित आहे. "बाळाला त्रास होईल" म्हणून ती टाळू नका.

"मुलाला दमा आहे, केसांचा त्रास होईल"

दुसऱ्या घरातून ती तीन आठवड्यांत परत आली. पावसाळा होता, मुलाचा खोकला वाढला आणि ठपका कुत्रीवर आला.

इथे मात्र शंका रास्त आहे, म्हणून नीट समजून घ्या. कुत्र्याची अ‍ॅलर्जी ही केसांची नसते. कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा यांतल्या प्रथिनांची ती असते. त्यामुळे केस न गळणारी जात आणली तर त्रास होणार नाही, ही समजूतही चुकीची आहे. दुसरीकडे, पावसाळ्यात दमा वाढायला भिंतीची ओल, बुरशी, सर्दीचे विषाणू, डासांची अगरबत्ती, धूप अशी कितीतरी कारणं असतात. नेमकं कारण कळायला त्वचेची किंवा रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करता येते.

मी पालकांना एवढंच सांगतो की तपासणी आधी करा, कुत्रा नंतर आणा. मुलाला घेऊन निवारा केंद्रात तीन-चार वेळा जा, दर वेळी तास-दोन तास थांबा. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर असं काही होतं का ते पाहा. मुलाला दमा असेल आणि कुत्र्याची अ‍ॅलर्जी निघाली, तर सरळ नाही म्हणा. आधीच दिलेला नकार मुलालाही सोसतो आणि कुत्र्यालाही. लळा लागल्यावर परत पाठवणं दोघांनाही जड जातं.

रेबीजचं काय?

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टाळता येतो. कुत्र्याला पहिली लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात, पुढचे डोस पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी. निवारा केंद्रातून कुत्रा घेताना त्याचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या.

घरचा, लस झालेला कुत्रा असला तरी दात किंवा नख लागून रक्त आलं तर हे करा:

- जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा.
- चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नका.
- त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते.
- जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. डॉक्टर ते जखमेतच टोचतात. ते टाळू नका.
- सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. दोन डोस घेऊन थांबणारे पेशंट मी दरवर्षी पाहतो.

जंत, गोचीड, लेप्टो

कुत्र्याच्या विष्ठेतल्या गोल जंतांची अंडी मातीत पडल्यावर संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला साधारण दोन आठवडे किंवा जास्त लागतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलली तर धोका बराच कमी होतो. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. लेप्टो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस कुत्र्याच्या एकत्रित लसीत आहे का, ते पशुवैद्यांना विचारा. कुत्र्यांचा पार्व्हो आणि डिस्टेंपर मात्र माणसांना होत नाही.

तुमच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका

कुत्रा लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देणारे लोक आहेत. या गोळ्यांनी त्याच्या पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण हेही त्याला घातक. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. डायबेटिसच्या पेशंटनी शुगर-फ्री च्युइंगगम त्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावं. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची शुगर झपाट्याने खाली येते.

कुणी घेऊ नये?

हेही स्पष्ट सांगायला हवं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि प्लीहा काढलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. कुत्र्याच्या लाळेतले काही जिवाणू अशा लोकांना गंभीर आजारी पाडू शकतात. तोल जाणाऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांनी तरुण, ओढ मारणारा कुत्रा एकट्याने फिरवू नये. ज्या घरात दिवसातले दहा-बारा तास कुणीच नसतं, तिथे कुत्रा आणू नये. आणि एक हिशेब घालून ठेवा: काकवीसारखी कुत्री बारा-पंधरा वर्षं जगू शकते. आज दहावीत असलेली तुमची मुलगी तेव्हा नोकरीला लागलेली असेल.

आणि फायदा?

मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं झपाझप चालवलं तर आठवड्याला २८० मिनिटं होतात. माझं "चालायला जा" हे वाक्य पेशंट चार दिवसांत विसरतात. दारात पट्टा तोंडात धरून उभा राहिलेला कुत्रा विसरू देत नाही.

घरी आणल्यावर

निवारा केंद्रांत एक ढोबळ नियम सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घरची शिस्त कळते आणि घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. काकवीला दुसऱ्या घरात तीनच आठवडे मिळाले. म्हणून पहिल्या काही दिवसांत ती जेवली नाही, कोपऱ्यात बसली, घरात लघवी केली तर लगेच निकाल देऊ नका. तिला एक ठरलेली जागा द्या, जेवणाची वेळ ठरवा आणि लहान मुलांना सांगा की ती जेवताना किंवा झोपलेली असताना तिला हात लावायचा नाही.

तुमच्या मनात कुत्रा घ्यायचं असेल तर पुढच्या रविवारी जवळच्या निवारा केंद्रात घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. तब्येतीची शंका असेल तर त्याआधी दवाखान्यात येऊन विचारा. आजाराचं नाव, चालू औषधं, मुलाची अ‍ॅलर्जी, सगळं बोलू. आणि तिथे गेल्यावर पुढे पुढे करणाऱ्या पिल्लांचं कौतुक झालं की मागच्या कोपऱ्यातही एकदा बघा. आमच्याकडे तिथे काकवी बसलेली असते. तुमच्या गावातल्या केंद्रातही अशी एखादी असेलच.

काळजी घ्या.